शंटर आणि पाच फुटी फळी: मॉडेल रेल्वेतल्या छोट्या इंजिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांना गोल गोल फिरणारी एक्स्प्रेसच आठवते. इथे ती सापडणार नाही. इथे आहे मालधक्क्यावर वाघिणी (मालडबे) पुढे-मागे करणारं छोटं इंजिन आणि त्याच्या भोवतीचा खेळ. नांदेड, परभणी, लातूर, जालना, संभाजीनगर अशा ठिकाणी राहून हा छंद करणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत.

शंटर म्हणजे नेमकं कोणतं इंजिन?

गाडी घेऊन लांबच्या गावाला न जाता स्टेशनच्या आवारातच राबणारं. डबे जोडायचे, तोडायचे, एका रुळावरून दुसऱ्यावर ढकलायचे, भरलेली वाघीण काढून रिकामी लावायची, एवढंच त्याचं काम. वेग नको, ताकद हवी आणि हळू चालता आलं पाहिजे. आपल्या रेल्वेत अशा डिझेल इंजिनांच्या नावात ‘एस’ असतो. डब्ल्यूडीएस मधला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे शंटिंग. डब्ल्यूडीएस-४ हे चित्तरंजनच्या कारखान्यातलं तीन धुऱ्यांचं इंजिन, चाकांना बाहेरून जोडणारे दांडे असलेलं. डब्ल्यूडीएस-६ हे सहा धुऱ्यांचं, अल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातलं. मीटरगेजवर दिसणाऱ्या वायडीएम-४ मध्ये जी सहा सिलिंडरची डिझेल मोटर होती, त्याच जातीची यातही आहे.

एक्स्प्रेस पळवायची सोडून हे का करायचं?

कारण एक्स्प्रेस पळताना आपल्याला काही कामच उरत नाही. बटण फिरवलं की ती फिरते आणि आपण बघत बसतो. चार फेऱ्यांत मन भरतं. घरातल्या लेकरांचं तर दोनच फेऱ्यांत.

शंटिंगमध्ये प्रत्येक हालचाल ठरवावी लागते. तिसऱ्या नंबरची वाघीण हवी आहे, पण तिच्यापुढे दोन नको असलेल्या उभ्या आहेत. त्या कुठे ठेवायच्या? तिकडे ठेवल्या तर पुढच्या चालीला वाट अडेल का? सोडून परत यायला इंजिनाला जागा उरेल का? फळीसमोर उभं राहून माणूस डोकं खाजवतो, आणि गंमत त्या डोकं खाजवण्यातच आहे. वेळ किती जातो ते जेवायला हाका आल्यावर कळतं.

दुसरं कारण घराचं. दहा बाय दहाच्या खोलीत मोठ्या इंजिनाला वळायलाच जागा नसते. लांब इंजिन, लांब डबे घट्ट वळणावर बाहेर लोंबतात आणि रुळावरून उतरतात. शंटर मात्र सर्वांत लहान त्रिज्येच्या तयार वळणावरही सुखाने जातो. ओओ मापाच्या (खऱ्याच्या १/७६) तयार रुळांत ती त्रिज्या ३७१ मिलिमीटर असते. अर्थात, शंटिंगच्या फळीवर वळण नसलं तरी अडत नाही.

खेळ खेळायचा कसा?

सर्वांत सोपी आणि सर्वांत चांगली मांडणी म्हणजे ‘इंगलनुक’. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांनी ती लोकप्रिय केली. रूळ तीन: एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. तिन्ही रूळ दोन सांध्यांनी (गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंट्सनी) एका पुढच्या तुकड्याला जोडलेले, आणि त्या तुकड्यावर इंजिन अधिक तीन वाघिणी एवढीच जागा. बस्स.

सुरुवातीला पाचच्या रुळावर पाच आणि तीनच्या एका रुळावर तीन वाघिणी उभ्या करायच्या. तिसरा रूळ मोकळा. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करून पाच काढायच्या. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या, त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब रुळावर लावून द्यायच्या. आठातून पाच क्रमाने निवडायचे, म्हणजे ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. रोज एक लावली तरी अठरा वर्षं पुरेल.

चिठ्ठ्यांवर नुसते आकडे लिहू नका. मोंढ्याचा माल लिहा: सोयाबीन, तूर, साखर, युरिया, सिमेंट. ‘युरिया मागे आणि साखर पुढे’ म्हटलं की डोक्यात मालधक्का उभा राहतो, हमाल दिसतात, आडत्याचा फोन वाजतो. ‘चार मागे, दोन पुढे’ म्हटल्यावर यातलं काहीच होत नाही.

दोघं असाल तर एकाने ड्रायव्हर व्हायचं आणि दुसऱ्याने पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारा. ड्रायव्हरने चिठ्ठ्या बघायच्या नाहीत, फक्त पॉइंट्समनच्या हातवाऱ्यांवर चालायचं. घरात कोण कोणाचं ऐकतं ते दहा मिनिटांत कळतं.

‘टाइमसेव्हर’ नावाची अमेरिकन मांडणीही आहे. जॉन ॲलन या नामवंत छांदिष्टाची ती. त्यात घड्याळ लावून खेळतात. मला स्वतःला ती जरा कोड्यासारखी वाटते. खरं यार्ड कोणी इतकं अडचणीचं बांधणार नाही.

जागा किती लागेल?

एचओ किंवा ओओ मापात (मापांचा अर्थ पुढच्या प्रश्नात) चार चाकी वाघिणी घेतल्या तर साधारण साडेचार ते पाच फूट लांब आणि एक फूट रुंद फळी. एन मापात त्याच्या निम्मी. भिंतीवर ब्रॅकेट मारून, पुस्तकांच्या कपाटावर किंवा दिवाणाच्या कडेला सहज बसते. दोन तुकड्यांत करून मध्ये बिजागरी लावली तर घडी करून माळ्यावर टाकता येते. पाहुणे येणार म्हणून सगळं उचला, असं फर्मान निघतंच. त्याची सोय आधीच करून ठेवा.

कोळशाची बॉक्सएन वाघीण करायची असेल तर तिची खरी लांबी साधारण १०.७ मीटर, म्हणजे १:८७ ला सव्वाबारा सेंटिमीटर. पाच वाघिणींना साठ-पासष्ट सेंटिमीटर धरा.

कोणतं माप घ्यावं? एचओ, ओओ की एन?

एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६. दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालतात. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. शंटिंगसाठी माझं मत स्पष्ट आहे: एचओ किंवा ओओ. हाताने जोडाजोड करायची असते, आणि एन मधलं छोटं इंजिन इतकं हलकं असतं की धुळीचा कणही त्याला पुरतो. जागाच नसेल तरच एन.

आता काटेकोर लोकांसाठी. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. १:८७ ला ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं, म्हणजे बाजारातल्या रुळावर भारतीय इंजिन पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बहुतेकजण तिकडे कानाडोळा करतात. तुम्हीही करा.

पण नॅरोगेजमध्ये नशीब आपल्या बाजूने आहे. बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. १:८७ ने भागलं तर येतात ८.७६ मिलिमीटर. म्हणजे एचओ मापाचं इंजिन, माणसं आणि घरं, पण रूळ मात्र एन मापाचे ९ मिलिमीटरवाले, जवळजवळ बिनचूक. इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही लाइन १८९७ मध्ये बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. लातूरच्या ज्यांनी ती छोटी गाडी पाहिली आहे, त्यांनी दुसरं काही करूच नये असं मला वाटतं. एन मापाच्या एखाद्या छोट्या इंजिनाची चाकं-मोटर घ्यायची, वर स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्याची किंवा थ्रीडी प्रिंटची बॉडी बसवायची.

आपल्या भारतीय शंटरचं मॉडेल मिळतं का?

दुकानात जाऊन डबा उचलावा असं सहज मिळत नाही. तेव्हा जवळचा भाऊबंद शोधावा लागतो. डब्ल्यूडीएस-४ साठी जर्मन व्ही-६० बघा. तीन धुरे, चाकांना जोडणारे दांडे, एका बाजूला केबिन, समोर लांब नाक. अनेक युरोपियन कंपन्यांनी ते एचओत काढलं आहे. केबिनचं छप्पर थोडं बदला, पुढे-मागे पिवळे-काळे पट्टे मारा, नंबर देवनागरीतही लिहा. तीन फुटांवरून बघणारा फसतो.

पहिलं इंजिन कोणतं घ्यावं?

तीन किंवा चार धुऱ्यांचं, आणि सगळ्या चाकांतून वीज घेणारं. दोनच धुऱ्यांची चिमुकली इंजिनं फार गोड दिसतात, फोटोत तर विचारूच नका, पण पहिलं इंजिन म्हणून घेऊ नका. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

ब्रिटिश क्लास ०८ हे ओओतलं भरवशाचं नाव. खरं इंजिन ३५० अश्वशक्तीचं, १९५२ ते १९६२ या काळात ९९६ बांधली गेली. अमेरिकन हवं असेल तर जनरल इलेक्ट्रिकचं ४४ टनी. त्याच्या वजनामागे एक मजेशीर हिशेब आहे. १९३७ मध्ये तिथे रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटनांत ठरलं की ९०,००० पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर चालकासोबत फायरमन हवाच, मग ते डिझेल का असेना. कंपनीने ४४ अमेरिकन टनांचं, म्हणजे ८८,००० पौंडांचं इंजिन काढलं आणि एका माणसाचा पगार वाचवला.

घेण्याआधी चालवून बघता आलं तर ही परीक्षा घ्या. आपल्या रेल्वेत शंटिंगचा वेग एरवी ताशी १५ किलोमीटरच्या वर नेत नाहीत, आणि स्फोटकांची वाघीण असेल तर ताशी ८. ताशी १५ म्हणजे १:८७ ला सेकंदाला ४.८ सेंटिमीटर. एक मीटर रूळ पार करायला इंजिनाने एकवीस सेकंद घेतले पाहिजेत, तेही न अडखळता. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. दहा सेकंदांत पोचणारं आणि त्याहून हळू करताच थांबणारं इंजिन शंटिंगच्या कामाचं नाही, कितीही स्वस्त असो.

इंजिन मध्येच थांबतं, बोटाने ढकललं की चालतं. का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. दहापैकी नऊ वेळा मोटर बिघडलेली नसते, वीज पोचत नसते.

इंजिन डाव्या आणि उजव्या रुळावरून वीज घेतं. लांब इंजिनाला एका बाजूला सहा चाकं असतात. त्यातलं एक घाणीवर असलं तरी पाच आहेत. दोन धुऱ्यांच्या इंजिनाला एका बाजूला दोनच. एक चाक सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, दुसरं धुळीवर, की खेळ खलास. हळू चालताना वेगाची झेपही मदतीला नसते.

सांध्याच्या मधोमध जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्याला फ्रॉग म्हणतात. स्वस्त सांध्यांत तो प्लॅस्टिकचा असतो, तिथे वीज नाही. शंटिंगसाठी धातूचा, वीज खेळणारा फ्रॉग असलेलाच सांधा घ्या. थोडी वायरिंग वाढते, पण निम्म्या कटकटी तिथेच संपतात.

उरलेली निम्मी धूळ. मार्च ते जून आपल्याकडे खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. तीच धूळ रुळावर, त्यात चाकांचं तेल आणि ठिणग्यांची काजळी मिसळून काळा थर. तो काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी सुती चिंधी पुरते. पॉलिश पेपर घासू नका. त्याने रुळावर बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यातच घर करते. चाकांसाठी टिश्यू पेपरची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून रुळावर आडवी ठेवा. इंजिनाचा अर्धा भाग स्वच्छ रुळावर, अर्धा पट्टीवर. इंजिन हाताने धरून चाकं फिरू द्या. पट्टीवर दोन काळ्या रेघा उमटतील. मग इंजिन उलटं फिरवून दुसरी बाजू. रेघा फिकट होईपर्यंत हे करायचं. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ देव्हाऱ्यातली समई किंवा गॅस नको.

खेळ संपला की फळीवर जुनी चादर टाका. याहून चांगला आणि फुकट उपाय नाही.

डीसी की डीसीसी?

एकच इंजिन असेल तर साधा १२ व्होल्टचा चांगला डीसी कंट्रोलर भागवतो. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळात कायम वीज असते आणि इंजिनातल्या डिकोडरला हुकूम जातात. तिथे तीन गोष्टींचा शंटरला फार उपयोग: हळू चालताना मोटरचा वेग स्थिर ठेवणं, सुरू होणं आणि थांबणं सावकाश करणं, आणि ‘कीप अलाइव्ह’ कपॅसिटर. हा कपॅसिटर क्षणभर वीज गेली तरी इंजिन चालतं ठेवतो. छोट्या इंजिनात तो बसवायला जागा शोधणं हीच कसरत असते. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या जागी तो बसलेला मी पाहिला आहे. वेग वाढण्याचा सावकाशपणा डिकोडरच्या सीव्ही ३ या सेटिंगमध्ये, थांबण्याचा सीव्ही ४ मध्ये.

वीज गेली तर? इन्व्हर्टरवर चालतं. वाहते किती थोडी.

एवढंसं इंजिन किती वाघिणी ओढेल?

इंगलनुकमध्ये पाचच लागतात, तेवढ्या सगळे ओढतात. चाकं फिरतात पण गाडी हलत नाही असं झालं तर वजन कमी आहे. आत शिशाचे छोटे तुकडे चिकटवा, धुऱ्यांच्या बरोबर मध्यावर. लेकरांचा हात लागत असेल तर शिसं नको, पोलादी नट चालतील. वाघिणीही फार हलक्या नकोत, ढकलताना उड्या मारतात. एचओसाठी अमेरिकन संघटनेचा ठोकताळा असा: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. चार इंची वाघीण म्हणजे ८४ ग्रॅम.

वाघिणी जोडायच्या-सोडायच्या कशाने?

केडी कंपनीचे नकल कपलर, म्हणजे वळलेल्या बोटांसारखे एकमेकांत अडकणारे जोड. दिसायला आपल्या मालगाडीच्या मधल्या कपलरसारखे आणि नुसते टेकवले की जुळतात. सोडायला रुळात लोहचुंबक बसवता येतं, पण कबाबची बांबूची काडी टोकदार करून मध्ये घालून फिरवणं जास्त मजेचं. काडी हातात घेतली की आपणच पॉइंट्समन. सगळ्या वाघिणींना एकाच जातीचे आणि एकाच उंचीचे कपलर लावा. निम्मे असे, निम्मे तसे करू नका.

देखाव्यासाठी इथलीच माती आणि खडी वापरू का?

नक्की वापरा, बाहेरची पुडी कशाला? दोन गोष्टी सांभाळा.

रुळाखालची खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची, १:८७ ला ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी. क्रशरवरची कच आणा, रव्याच्या चाळणीने चाळा, मग वरून मलमलच्या फडक्याने बारीक धूळ काढून टाका. मधला कण राहतो तो बरोबर मापाचा. रंगही बरोबर, कारण खऱ्या रुळाखालीही हाच काळा दगड आहे. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून त्या खडीतून फिरवा. पिशवीला काळे केस उगवल्यासारखे कण चिकटतील. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. हे कण न काढता पसरले तर एक दिवस मोटरच्या चुंबकाने ते वर ओढून घेतलेले आणि गिअरमध्ये अडकलेले सापडतील. चुंबक कोरं निघेपर्यंत फिरवत राहा.

काळी माती चहाच्या गाळणीने गाळून, पाणी घातलेल्या फेविकॉलवर जाड थरात टाका. वाळताना ती आकसते आणि भेगा पडतात. मे महिन्यातलं रान आपोआप तयार. भेगा नको असतील तर थर अगदी पातळ आणि माती आधी तव्यावर भाजलेली. भाजल्याने त्यातले किडे-अंडीही मरतात.

उन्हाळ्याने रूळ वाकतात का?

पाच फुटी फळीवर रूळ तीस अंशांच्या फरकाने जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढतो. जोडणीत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दोन-तीन ठिकाणी ठेवा, पुरे. खरा त्रास लाकडाचा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात प्लाय सुकतो आणि जुलैत फुगतो, मग रूळ कमान धरतात. बारा मिलिमीटरचा चांगला प्लाय, खालून चौकट, आणि दोन्ही बाजूंनी रंग. वाळवीसाठी कडांना तेलरंगाचा हात जास्त. भिंतीला फळी चिकटवू नका, बोटभर अंतर ठेवा.

मराठवाड्यातली कोणती जागा मॉडेलसाठी चांगली?

मोंढ्याजवळचा मालधक्का ही माझी पहिली पसंती. एक लांब शेड, पोत्यांची थप्पी, ट्रक, चहाची टपरी. परळीचं औष्णिक केंद्र करायचं तर कोळशाच्या बॉक्सएन वाघिणी आणि मागे चित्रात धुराडी. जागा कमी असल्याने केंद्र पडद्यावर रंगवायचं आणि रूळ पडद्याआड जाताना दाखवायचे. जुना काळ आवडत असेल तर मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास ही लाइन सुरू झाली आणि आपल्याकडे १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. पूर्णा जंक्शनवर मीटरगेज पाहिलेली माणसं अजून भेटतात, त्यांच्याकडून रंग आणि पाट्या विचारून घ्या.

आज खऱ्या यार्डात अख्खा रेकच (वाघिणींची पूर्ण रांग) येतो आणि अख्खाच जातो, एकेक वाघीण वेगळी करणं फारसं उरलेलं नाही. म्हणून फळीवर १९७०-८० चा काळ धरलात तर खेळाला जास्त वाव मिळतो.

खर्च?

इंजिन आणि सांधे यांत काटकसर करू नका, बाकी सगळ्यात करा. भला मोठा स्टार्टर सेट घेऊन गोल रूळ माळ्यावर टाकण्यापेक्षा एक चांगलं इंजिन आणि दोन चांगले सांधे. परदेशातून मागवताना आयात शुल्क आणि टपाल आधी विचारा, ते मुळाला भारी पडतं. घरं पुठ्ठ्याची, झाडं वाळलेल्या काड्यांची.

चालताना कुठे बघायला मिळेल?

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे शंटिंगपेक्षा मोठा देखावा आहे, पण लेकरांना आणि ‘हे काय खूळ’ म्हणणाऱ्या मोठ्यांना घेऊन जायला उत्तम.

खऱ्या यार्डात जाऊन मापं, फोटो घेऊ का?

परवानगीशिवाय रुळांत शिरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि मागे सरकणारी वाघीण आवाज न करता येते. पादचारी पुलावरून किंवा फाटकाबाहेरून सगळं दिसतं. माप हवं असेल तर वाघिणीच्या अंगावर लिहिलेला आकडा आणि दाराची उंची टिपून घ्या. दाराशी माणूस उभा असेल तर त्याच्या उंचीवरून बाकीचा हिशेब घरी बसून निघतो.